मधल्या हातांचा इतिहास

कोल्हापुरांत आमच्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं एके दिवशीं आपलें बँकेचें पासबुक आमच्यापुढें ठेवलें व तें वाचून दाखविण्याची विनंति केली. बाई विधवा असून त्यांस निराधारांचें सरकारी अनुदान मिळतें. पासबुकांत एका ओळींत अनुदान जमा झाल्याची नोंद होती. आणि लगेच खालच्या ओळींत, खात्यांत किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा आकार म्हणून त्यांतलीच कांहीं रक्कम वजा झाल्याची नोंद होती. दोन्ही ओळी आम्हीं वाचून दाखविल्या. त्यावर बाईंनीं विचारलें, "म्हंजे सरकारनंच कमी धाडलं व्हय?" सरकारनें कमी पाठविलें नव्हतें, पण बाईंच्या हातीं कमी पडलें होतें, हेंही तितकेंच खरें होतें. तसें सांगतांच त्यांचा दुसरा प्रश्न आला : "मग मधलं कुणी घेतलं?"

हा दुसरा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे तें एका बाईंच्या पासबुकांत मावत नाहीं. आपल्या राज्यकारभाराच्या तीनशें वर्षांच्या इतिहासांत त्याचीं मुळें पसरलेलीं आढळतात, आणि त्यांपैकीं कांहीं अगदीं ह्याच कोल्हापुरच्या भूमींत खोल गेलेलीं आहेत. म्हणून हा प्रश्न आज वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राजानें दान दिलें, सूट दिली, दुष्काळांत धान्य वांटलें, अशा नोंदी इतिहासांत विपुल सांपडतात. सनदा, ताम्रपट, आज्ञापत्रें यांची उणीव नाहीं. परंतु जें दिलें तें पोंचलें किती, ह्याची नोंद मात्र क्वचितच सांपडते. ह्याचें कारण उघड आहे. देणाऱ्याच्या पदरीं दप्तर असतें, त्यांत 'दिलें' असें लिहिलें जातें. घेणाऱ्याच्या पदरीं दप्तर नसतें, म्हणून 'पोंचलें नाहीं' असें कोठेंच लिहिलें जात नाहीं. तरीही जी गोष्ट दप्तरांत उतरत नाहीं तिची खूण भाषेंत राहून जाते. विक्रीस आलेल्या धान्यांतून हक्क म्हणून काढलेल्या मुठीस 'फसकी' म्हणत. व्यवहार जुळवून देणाऱ्यानें रिवाजानें ठेवून घेतलेल्या भागास 'दस्तुरी' म्हणत. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत असतां एका नाण्याऐवजीं दुसरें देतांना जी काट होई तिला 'बट्टा' किंवा 'वर्ताळा' म्हणत. आणि कारभाऱ्यास गुप्तपणें पोंचविलेल्या रकमेस 'अंतस्थ' असें सभ्य नांव होतें. ज्या गोष्टीस इतकीं नांवें आहेत ती गोष्ट नित्याची असली पाहिजे, यांत संशय नाहीं. ह्या नांवांत आणखी एक बोध आहे. त्यांपैकीं एकाचाही अर्थ 'चोरी' असा नाहीं. मधल्या हातानें जें घेतलें तें चोरी म्हणून कधींच घेतलें नाहीं; तें रीत म्हणून, हक्क म्हणून, आकार म्हणून घेतलें. चोर पकडतां येतो. रीत पकडावी कशी, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न ओळखणारा पहिला मोठा राज्यकर्ता म्हणून आम्ही शिवछत्रपतींचें नांव घेतों. कृष्णाजी अनंत सभासद यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरींत एक वर्णन आहे. पूर्वींच्या अमलांत गांवोगांवचे मिरासदार वसूल आपल्या हातीं ठेवीत, रयतेकडून मन मानेल तितकें घेत आणि सरकारांत मात्र थोडेंच भरीत. महाराजांनीं मुलूख हातीं येतांच ह्या मंडळींचे हक्क मोजून बांधून दिले, त्यांच्या गढ्या पाडल्या आणि वसुलाचें काम आपल्या कारकुनांकडे सोंपविलें. त्याचबरोबर चाकरांस गांव तोडून देण्याची जुनी चाल बंद करून त्यांचें वेतन रोख देण्याची व्यवस्था केली. ह्या दोन गोष्टी आपण बहुधा वेगवेगळ्या वाचतों. वास्तविक त्या एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत. ज्याचें पोट राजाच्या खजिन्यांतून भरतें त्याला रयतेच्या ताटांत हात घालण्याचें निमित्त उरत नाहीं. आणि ज्याला पगार म्हणून रयतच तोडून दिली आहे, त्याला हात घालूं नको म्हणून सांगणें व्यर्थ आहे.

५ सप्टेंबर १६७६ रोजीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळी म्हणजे कोल्हापुरच्या घाटाखालचा मुलूख. गांवोगांव स्वतः फिरावें. ज्या कुणब्यास बैल नाहीं त्यास बैलांसाठीं पैसे द्यावे. ज्याच्या घरीं खावयास दाणे नाहींत त्यास दाणे द्यावे. आणि हें सर्व परत घेतांना वाढीदिढी न करितां केवळ मुद्दल, तेंही त्यास ताकद येईल तसतसें घ्यावें, असा त्या पत्राचा आशय आहे. मदतीचा हा हुकूम ज्या पत्रांत आहे त्याच पत्रांत सुभेदारास ताकीद आहे कीं, भाजीच्या देठालाही त्यानें मन दाखवूं नये. आपण हें वाक्य महाराजांच्या सचोटीचा दाखला म्हणून मुलांस पाठ करून घेतों. तें योग्यच आहे. परंतु त्याची जागा विसरूं नये. जेथें पैसा आणि दाणे सुभेदाराच्या हातून गरिबाकडे जावयाचे आहेत, तेथेंच ही ताकीद आली आहे. देणें आणि पोंचविणें हीं दोन निराळीं कामें आहेत, व पोंचविण्याच्या कामावर देण्याइतकीच नजर हवी, हें महाराज जाणून होते.

महाराजांच्या मागें मोगलांशीं झालेल्या दीर्घ युद्धांत ही शिस्त टिकली नाहीं. सैन्य उभें करावयाचें आणि रोख पैसा नाहीं, अशा अडचणींत वतनें व सरंजाम देण्याची वाट पुन्हां मोकळी झाली. कोल्हापुरच्या गादीचे थोर मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्य यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं जें 'आज्ञापत्र' लिहिलें, त्यांत वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वतनदार हा लहानसा स्वतंत्र नायकच असून तो राज्याचा वांटेकरी आहे. त्यास राखावेंही लागतें आणि आवरावेंही लागतें, असा त्यांचा अभिप्राय आहे. हा अभिप्राय लिहिणारे अमात्य स्वतः त्याच व्यवस्थेंत वावरत होते. म्हणून त्यांत तिऱ्हाइताची टीका नसून घरच्या माणसाची चिंता आहे. रोग दिसत होता, पण औषध हातांत नव्हतें. तें मिळण्यास ह्याच कोल्हापुरांत पुढें दोनशें वर्षें जावीं लागलीं.

मधल्या काळांत गांवच्या कारभाराची किल्ली पाटील व कुलकर्णी ह्यांच्याकडे, त्यांतही विशेषतः कुलकर्ण्याकडे राहिली. गांवचें दप्तर त्याच्या घरीं, लेखणी त्याच्या हातीं, आणि वाचतां येणारा माणूस गांवांत बहुधा तोच. सरकारनें साऱ्यांत सूट दिली तर ती कोणास किती मिळाली, तगाई आली तर ती कोणाच्या नांवावर किती पडली, वसूल दिला तर त्याची पावती झाली कीं नाहीं, हें सर्व त्या एका लेखणीवर अवलंबून. सगळेच कुलकर्णी लबाड होते, असें म्हणणें अन्यायाचें होईल. अनेकांनीं पिढ्यान् पिढ्या इमानानें गांवचें दप्तर राखलें, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं ते जुने रुमाल आजही जपलेले असतील. परंतु व्यवस्थेची परीक्षा तींतल्या सज्जनांवरून करावयाची नसते. पद वंशपरंपरेचें, म्हणून काढून टाकण्याची भीति नाहीं. मोबदला गांवाकडून हक्काच्या रूपानें यावयाचा, म्हणून सरकारशीं बांधलेपण नाहीं. आणि ज्याचें लिहावयाचें त्यास वाचतां येत नाहीं, म्हणून जाब विचारणारा नाहीं. इतक्या तीन सवलती दिल्यावर ज्यानें मोह टाळला तो साधु म्हणावा. आणि कारभार साधूंच्या भरंवशावर चालवूं नये, हा राजनीतीचा पहिला पाठ आहे.

शाहू छत्रपतींच्या हातीं २ एप्रिल १८९४ रोजीं संस्थानचा कारभार आला आणि दोनच वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ दारांत उभा राहिला. त्या प्रसंगीं त्यांनीं जें केलें त्यांतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयास धरून आहेत. व्यापाऱ्यांनीं अडवून भाव चढवूं नये म्हणून त्यांनीं संस्थानातर्फे स्वस्त धान्याचीं दुकानें उघडविलीं. म्हणजे मदत व गरजू ह्यांच्यामध्यें नफेखोर हात येऊं नये अशी तजवीज केली. दुसरें असें कीं, जे कामावर जाऊं शकत नाहींत अशा दुर्बलांसाठीं निराधारगृहें आणि दुष्काळी कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठीं शिशुगृहें काढलीं. ह्यांतून महाराजांची दृष्टि दिसते. मदत जाहीर करून ते थांबले नाहींत. ती माणसाच्या तोंडापर्यंत कोणत्या वाटेनें जाईल, हेंही त्यांनीं पाहिलें.

तरीही दुष्काळ हा प्रसंग. नित्याचा कारभार कुलकर्ण्याच्याच दप्तरांतून चालला होता. त्याचें मूळ महाराजांनीं १९१७ व १९१८ ह्या दोन वर्षांत उपटलें. १९१७ सालीं त्यांनीं संस्थानांत मोफत व सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचें ठरविलें; १९१८ सालीं कुलकर्णी वतनें रद्द करून त्यांच्या जागीं पगारी तलाठी नेमले, आणि तलाठ्यांच्या शिक्षणासाठीं वर्ग काढून त्यांत अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांसही प्रवेश दिला. ह्या निर्णयावर त्या काळीं मोठा गदारोळ झाला. त्यास जातींच्या राजकारणाची एक बाजू होती, हें नाकारण्याचें कारण नाहीं. आजवर बहुतेकांनीं ती एकच बाजू पाहिली. आमचें लक्ष दुसऱ्या बाजूकडे आहे. महाराजांनीं कुलकर्ण्यास 'नीट वागा' अशी ताकीद दिली नाहीं. अशा ताकिदी दोनशें वर्षें दिल्या गेल्या होत्या. त्यांनीं तें पदच बदललें. तलाठी पगार संस्थानाचा घेणार, म्हणून जाबही संस्थानास देणार. त्यास बदलतां येईल, काढतांही येईल. आणि शाळेंत गेलेला कुणब्याचा मुलगा उद्यां त्याचें लिखाण वाचूं शकेल. कुलकर्ण्याच्या ज्या तीन सवलती आम्हीं वर सांगितल्या, त्या तिन्ही ह्या दोन वर्षांत कापल्या गेल्या. मुंबई सरकारास परगणा व कुलकर्णी वतनें रद्द करणारा कायदा करावयास १९५० साल उजाडलें. तोंपर्यंत कोल्हापुर संस्थान स्वतःच विलीन होऊन गेलें होतें.

त्याच १९१८ सालीं महाराजांनीं महार वतनेंही रद्द केलीं व वतनाच्या जमिनी महारांच्या नांवें रयताव्यानें करून दिल्या. हा प्रकार तर आमच्या विषयाचें सर्वांत कठोर उदाहरण आहे. महारांचें काम सरकारचें आणि गांवाचें, रात्रंदिवस केव्हांही सांगितलें जाईल तें. आणि मोबदला मात्र थोडी जमीन व गांवानें खळ्यावर द्यावयाचें बलुतें. काम करून घेणारें सरकार आणि मजुरी देणारा शेतकरी, अशी ती विचित्र वांटणी होती. बलुतें द्यावयाचें तें गांवाच्या मर्जीनें. मान वर करून बोलला तर दाणे कमी, पाणवठ्याजवळ गेला तर दाणे बंद. हक्काचें वेतन देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलें म्हणजे तें भीक होऊन जातें, आणि भिकेंतून कापून घेतलें तर त्याची फिर्याद कोणाकडे करावी?

हेंच दुखणें डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलें. कोल्हापुराजवळ माणगांव येथें मार्च १९२० मध्यें जी परिषद झाली तींत शाहू महाराजांनीं ज्या तरुण विद्वानाचा गौरव केला होता, त्यानेंच १९२८ सालीं वतनांविषयींच्या १८७४ च्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक आणलें. त्यांत एक सूचना अशी होती कीं, बलुत्याच्या जागीं पैशांत कर ठरवावा आणि तो सरकारनेंच साऱ्याबरोबर वसूल करून महारांस द्यावा. विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं, आणि कनिष्ठ गांववतनें कायद्यानें जाण्यास पुढें १९५८ साल लागलें. परंतु सूचनेंतलें तत्त्व पाहण्यासारखें आहे. बलुतें वाढवून द्या एवढीच मागणी करून बाबासाहेब राहिले नाहींत. देणें आणि घेणें ह्यांच्यामधला मर्जीचा हात काढून टाका, असें त्यांनीं म्हटलें. शिवछत्रपतींची रोख वेतनाची पद्धति, शाहू महाराजांचा पगारी तलाठी आणि बाबासाहेबांची ही सूचना, हीं तिन्ही एकाच मापाचीं आहेत.

इंग्रजी कायद्यानेंही ह्या प्रश्नास आपल्या परीनें हात घातला होता. १८७१ च्या पेन्शनविषयक कायद्यांत असें ठरविलें कीं, गतसेवेबद्दल, सांप्रतच्या दुर्बलतेमुळें किंवा दयाबुद्धीनें सरकारनें जें निवृत्तिवेतन दिलें असेल, त्यावर सावकाराच्या मागणीवरून कोर्टास जप्ती आणतां येणार नाहीं; आणि पुढें मिळावयाचें निवृत्तिवेतन आधींच कोणास लिहून दिलें तर तें लिहिणेंही निरर्थक समजावें. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंत हेंच तत्त्व पुन्हां आलें. पुढें १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें, मालकानें मजुराच्या वेतनांतून कोणकोणत्या कारणांनीं कापावें ह्याची यादीच घालून दिली. यादींत नाहीं ती कपात बेकायदा. विचार असा कीं, पोटासाठीं दिलेला पैसा हा इतर पैशासारखा नाहीं. त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क, तो खरा असला तरी, पहिला नसावा. हा विचार उदार आहे. मात्र ह्या कायद्यांची नजर सावकारावर, कोर्टावर आणि कारखानदारावर होती. जो पैसा पोंचवितो त्यानेंच वाटेंत कापला तर काय, ह्याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर वाटा बदलल्या आणि प्रत्येक नव्या वाटेवर नवा हात उभा राहिला. वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत जिचा पहिला प्रयोग केला, ती रोजगार हमीची योजना १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रभर पसरली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. लक्षावधि कुटुंबें तिनें जगविलीं. पण हजेरीपत्रकावरील खोटीं नांवें आणि मुकादमानें मजुरींतून ठेवून घेतलेला भाग ह्यांच्या तक्रारी तिच्याबरोबरच वाढल्या. १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. अनुदान घरपोंच यावयाचें तर आणणाऱ्यास चहापाण्याचे द्यावयाचे, ही रीत कोणी ठरविली नाहीं, पण ती सर्वांस माहीत होती. म्हणून पैसा थेट बँकेच्या खात्यांत टाकावा असें ठरलें, आणि १ जानेवारी २०१३ पासून देशांत थेट हस्तांतरणाची पद्धति सुरू झाली. २०२३ मध्यें हें अनुदान दरमहा १५०० रुपये झालें. आतां मुकादम नाहीं, दस्तुरी नाहीं. सरकारच्या खात्यांतून निघालेला रुपया घेणाऱ्याच्या खात्यांत पुरा उतरतो. मधला हात संपला, असें सर्वांस वाटलें.

तो संपला नव्हता. तो खात्याच्या आंत जाऊन बसला होता. ऑगस्ट २०२४ मध्यें महाराष्ट्रांत लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते मिळून ३००० रुपये स्त्रियांच्या खात्यांवर जमा झाले. तेव्हां कित्येक ठिकाणीं बँकांनीं किमान शिलकेचा दंड किंवा जुन्या कर्जाची थकबाकी म्हणून त्यांतून रक्कम वळती करून घेतल्याच्या तक्रारी आल्या, आणि महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांस, हा पैसा कोणत्याही कारणानें वळता करूं नये, असें बँकांस सांगावें लागलें. ह्यापूर्वींच, २०१२ सालीं, रिझर्व्ह बँकेनें गरिबांच्या मूलभूत बचत खात्यास किमान शिलकेची अट असूं नये असें ठरविलें होतें. आणि साध्या बचत खात्याची शिल्लकही केवळ ह्या दंडामुळें शून्याखालीं जाऊं नये, असें २०१४ सालीं बजावलें होतें. नियम होते. पण आपलें खातें कोणत्या प्रकारचें आहे, हें ज्या बाईस वाचतां येत नाहीं, तिला तो नियम असून नसल्यासारखाच. बँक दूर असेल तर गांवांतल्या यंत्रावर अंगठा टेंकवून पैसे काढावे लागतात. यंत्र चालविणाऱ्यानें किती काढले आणि हातावर किती ठेवले, हें पडताळण्याची सोय तरी त्या अंगठ्यास कोठें आहे?

हा आपल्याच देशाचा दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. दक्षिण आफ्रिकेंत २०१२ पासून सर्व सरकारी अनुदानें वांटण्याचें काम एका खासगी कंपनीस दिलें होतें. तेथील कायद्यानें अनुदानास संरक्षण होतें. नियमाप्रमाणें अंत्यविधीच्या विम्याचा एक हप्ता, तोही दहांपैकीं एका हिश्शाहून अधिक नाहीं, इतकीच कपात चालावयाची. तरी त्याच व्यवस्थेंतून दूरध्वनीचे आगाऊ पैसे, वीज, कर्जाचे हप्ते असें नाना प्रकारें कापलें जाऊं लागलें. वृद्ध स्त्रिया आपण हें कधीं मागितलेंच नाहीं म्हणून सांगत राहिल्या. 'ब्लॅक सॅश' ह्या जुन्या स्त्रीसंस्थेनें 'आमच्या अनुदानांस हात लावूं नका' अशी मोहीम चालविली. कंत्राट बेकायदा असल्याचा निर्णय तेथील घटनात्मक न्यायालयानें २०१३ सालींच दिला होता. तरी दुसरी वाट तयार नाहीं म्हणून २०१७ मध्यें त्याच कंपनीकडे काम आणखी एक वर्ष ठेवावें लागलें, व २०१८ मध्यें तें टपालखात्याकडे गेलें. मधला हात एकदां आवश्यक होऊन बसला म्हणजे न्यायालयासही तो एका दिवसांत काढतां येत नाहीं, हें त्यावरून दिसतें.

येथें एक आक्षेप येईल, व तो विचार करण्याजोगा आहे. पैसा पोंचविण्यास खर्च येतो. बँकेनें खातें फुकट कां सांभाळावें? आणि कर्ज खरोखरच थकलें असेल तर धनकोचा दोष काय? पहिल्या प्रश्नांत आक्षेप घेणाऱ्याचें म्हणणें अर्धें खरें आहे. मधला हात निरुपयोगी नाहीं. सुभेदार नसता तर प्रभावळीच्या कुणब्यास बैल मिळाले नसते. तलाठी नसता तर शाहू महाराजांचें दप्तर चाललें नसतें. प्रश्न एवढाच कीं, ह्या हाताची मजुरी कोणी द्यावी. आम्हीं वर पाहिलेला सगळा इतिहास एकच उत्तर देतो : ज्यानें काम सोंपविलें त्यानें द्यावी. मजुरी देणाऱ्यानें चुकविली कीं ती घेणाऱ्याच्या घांसांतून वसूल होते. मग तिला फसकी म्हणा, दस्तुरी म्हणा, कीं आकार म्हणा. सरकारास बँकांकडून हें काम करून घ्यावयाचें असेल तर त्याचा मेहनताना सरकारनें उघडपणें मोजावा, आणि अनुदानाच्या रुपयास हात लागणार नाहीं अशी खात्याचीच घडण करावी. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर १८७१ च्या कायद्यानें दिलेंच आहे. धनकोचा हक्क खरा असेल. पण दुर्बलतेबद्दल दिलेल्या पैशावर तो चालूं नये. सावकारास जें कोर्टांत जाऊनही मिळूं नये असें आपण दीडशें वर्षांपूर्वीं ठरविलें, तें बँकेस कोर्टांत न जातां मिळावें, हा कोणता न्याय?

इतकें करूनही एक गोष्ट उरते, आणि ती सरकारच्या हातची नाहीं. शाहू महाराजांनीं तलाठ्याबरोबर शाळाही काढली. पगारी माणूस आणि वाचणारी रयत, ह्या दोन चाकांवर त्यांची गाडी होती. आज पासबुक मराठींत छापलेलें नसतें, नोंदी आंखूड अक्षरांत असतात, आणि शिकलेल्या माणसासही त्या दोनदां वाचाव्या लागतात. आमच्या घराघरांत कामास येणाऱ्या, भाजी आणून देणाऱ्या, जिना झाडणाऱ्या किती माणसांच्या पदरांत अशीं न वाचलेलीं पासबुकें असतील! त्यांच्यापाशीं दहा मिनिटें बसून दोन ओळी वाचून देणें, हें कांहीं मोठें समाजकार्य नव्हे. पण कुलकर्ण्याच्या दप्तरासमोर जें रयतेपाशीं नव्हतें, तें तेवढ्यानें तिच्या हातीं येतें.

त्या बाईंबरोबर आम्ही बँकेंत गेलों. तेथील अधिकारी सौजन्यानें वागले. खातें साध्या बचतीचें होतें, म्हणून यंत्रानें आपोआप आकार लावला, असें त्यांनीं सांगितलें; अर्ज घेऊन तें किमान शिलकेची अट नसलेल्या प्रकारांत बदलून दिलें. आधीं कापलेली रक्कम मात्र परत मिळाली नाहीं. तिच्यासाठीं निराळा अर्ज करावा लागेल असें कळलें, व तो आम्हीं केला आहे. बाहेर आल्यावर बाईंनीं पुन्हां विचारलें, "मग घेतलं कुणी म्हणायचं?" कोणा एकाचें नांव सांगतां येईना. कोणीच चोरी केली नव्हती. सगळें रीतीप्रमाणें झालें होतें. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, पुढच्या महिन्यांत पैसे जमा झाले म्हणजे पासबुक घेऊन या. आपण दोघें मिळून वाचूं.